चार किलो नऊशे ग्रॅम

आमच्या बारक्याला ‘साधारण’ हा शब्द चालत नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "किती वाजले रे?" तर हा घड्याळाकडे बघून "अकरा वाजून सतरा मिनिटं" असं सांगणार. सव्वाअकरा म्हटलं तर याच्या बापाचं काय जातं? पण बापही तसलाच होता, तेव्हा बोलायची सोय नाही.

बारक्या माझा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस, धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. भाजीवाल्यांचे काटे, सोनारांचे काटे, पोस्टातले, आणि दवाखान्यात तान्ह्या बाळांना ज्यात निजवतात ते सुद्धा, सगळे त्याच्या टेबलावर येऊन गेलेले आहेत. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. तिथे एका लाकडी पेटीत मखमलीवर छोटी छोटी पितळी वजनं ठेवलेली असतात. ती चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. लहानपणी मी एकदा त्यातलं एक वजन नाकाला लावून बघितलं होतं, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. बाबा गेल्यावर ही पेटी बारक्याने घेतली. बाजार त्याला ‘काटेवाले’ म्हणतो.

मी त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. एक गल्ली सोडून राहते आणि शिवणकाम करते. तापट आहे अशी माझी ख्याती आहे. माप घ्यायला गेलं की बायका पोट आत ओढून धरतात, मग ब्लाउज घट्ट झाला की माझ्या नावाने बोंब मारतात. अशा वेळी मी ओरडते. यात तापटपणा कुठे आला?

बारक्या जन्मला तेव्हा नर्सने मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि आम्ही तेच धरून चाललो. तेविसाव्या वर्षी त्याने आम्हा तिघांना पुढच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की आपण मुलगा आहोत, पहिल्यापासून होतो, आता तसंच राहणार. बाबा म्हणाले, "तुझी खात्री आहे?" हा म्हणाला, "शंभर टक्के." बाबांना आकडा मिळाला, त्यांचं समाधान झालं. आई आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी तिने बाबांचे चार जुने शर्ट माझ्या मशीनवर आणून टाकले आणि म्हणाली, "याच्या मापाचे करून दे. नुसते पडून कसर लागायची." त्यानंतर या विषयावर आमच्या घरात चर्चा झाली नाही. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, दाढी आली, कागदपत्रांवरचं नाव बदललं. दाढी तर अशी झक्क आली की आमच्या ह्यांना हेवा वाटायचा.

पण गेली दोन वर्षं त्याच्या ओटीपोटात कळा यायच्या. कळ आली की हा टेबलाची कड धरून उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "एक मिनिट, काटा स्थिर होऊ दे." तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी गर्भाची पिशवी काढायचा सल्ला दिला. त्यालाही ती नकोच होती. दुर्बिणीतून करायचं, चार दिवसांत घरी. सगळं सोपं होतं.

अवघड झालं ते दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीवर. हे ऑपरेशन बायकांच्या विभागातच होतं आणि तिथल्या संगणकात पुरुष बसेना. खिडकीतल्या माणसाला वाटलं, टाइप करताना कुणाची तरी चूक झाली. त्याने मोठ्या आपुलकीने ती दुरुस्त केली, ‘पुरुष’ काढून ‘स्त्री’ केलं आणि नावाआधी ‘श्रीमती’ लावून कागद हातात दिला. दाढीवाल्या श्रीमती! मी बाह्या सरसावून निघाले, तर बारक्याने माझा हात धरला. "ताई, आधी ऑपरेशन होऊ दे. मग भांड."

ऑपरेशन छान झालं. खाट मात्र बायकांच्या वॉर्डात, बारा खाटांच्या मधोमध. संध्याकाळी समोरच्या पेशंटची जाऊ भेटायला आली आणि तिने आरडाओरडा केला की बायकांच्या वॉर्डात हा बाप्या कशाला झोपलाय. तिचं तरी काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग याची खाट ढकलत ढकलत चादरींच्या कपाटापाशी नेली आणि भोवती पडदा लावला. घंटा वाजवली की बारा खाटांवरच्या माना पडद्याकडे वळायच्या, म्हणून हा घंटा वाजवेना. संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून हा पाणी पिईना. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात आणि ती नंतर खांद्यात दुखते. चाललं की उतरते, पण चालायचं तर सगळ्यांच्या समोरून, म्हणून हा चालेनाही. "दुखतंय का?" असं विचारलं की "नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. एका तरुण डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘रुग्ण शांत, तक्रार नाही’, आणि चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी घरी सोडलं. हा वाचल्यासारखा रिक्षात बसला. मला वाटलं, माझा भाऊ शूर आहे. मूर्ख मी.

घरी येताना एक छापील कागद मिळाला होता. वर एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली सूचना. लादी पुसू नये. बादली उचलू नये. शंका असल्यास पतीशी मोकळेपणाने बोलावे.

"पतीशी बोला म्हणे," बारक्या म्हणाला. "ताई, तुझा चार दिवस उसना दे."

"घेऊन जा. परत नाही आणलास तरी चालेल."

हसताना त्याच्या पोटात कळ उठली. आई पलीकडच्या खाटेवरून म्हणाली, "उशी घे रे. पोटाशी घट्ट धर आणि मग हस. उठताना आधी कुशीवर वळ, हाताचा रेटा देऊन उठ. माझी पिशवी काढली तेव्हा—"

"आई, ती तुमची बायकांची गोष्ट झाली," बारक्या तिला तोडत म्हणाला.

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. "पोट कापलं की पोट दुखतं," ती म्हणाली. "त्यात बायकांचं काय आणि पुरुषांचं काय?" पण त्याने उशी घेतली नाही. आईही अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मानी. तिने पुन्हा सांगितलं नाही.

त्या कागदावर एकच ओळ अशी होती जी बारक्याला मनापासून आवडली. ‘सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये.’ आकडा होता ना! पाचव्या दिवशी मी गेले तर घरभर चिठ्ठ्या. कुकरवर ‘२.३५०’, पाण्याच्या कळशीवर ‘रिकामी १.१००, भरलेली नको’, माझ्या पिशवीवर मी आत पाऊल टाकल्या टाकल्या ‘३.८००’. मांजराला चिठ्ठी टिकेना, म्हणून त्याचं वजन भिंतीवर लिहिलं होतं. आईलाही काट्यावर उभं केलं होतं.

"तू एक्केचाळीस किलो सहाशे," तो तिला म्हणाला. "तुला उचलता येणार नाही."

"मी उचल म्हटलं का?" आई म्हणाली.

आम्ही खूप हसलो. खोटं कशाला बोलू, मलाही कौतुकच वाटलं. इतका नेमाने वागणारा पेशंट कुठल्या डॉक्टरला मिळेल, असं मी शेजारी सांगूनही आले. हात दाखवून अवलक्षण, ते असं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेले तर हा मोरीत उभा राहून स्वतःचा पायजमा धूत होता. घरात मशीन असताना.

"काय रे?"

"चहा सांडला."

मी वाकून बघितलं. "चहा लाल कधीपासून व्हायला लागला?"

मी त्याला धरून खाटेवर आणून बसवलं. चेहरा पांढरा पडला होता. कालपासून रक्त जात होतं, आणि आज जास्त. मी विचारलं, काय उचललंस? तर त्याने मला वही दाखवली. वहीत रोजची नोंद! बेकरीतले चार मोठे काटे तपासायला आले होते. त्यासाठी लोखंडी वजनं फळीवरून टेबलावर आणायची आणि परत ठेवायची. वीस किलोचं वजन त्याने शिवलं नव्हतं. लहान वजनांच्या जुड्या बांधल्या होत्या, प्रत्येक जुडी चार किलो नऊशे ग्रॅम. नियमात शंभर ग्रॅम राखून.

"आणि अशा किती खेपा?"

"दिवसाला साठ-सत्तर." आयुष्यात पहिल्यांदा त्याने अंदाजे आकडा सांगितला आणि तो सुद्धा मान खाली घालून. "कितीदा उचलायचं ते कागदावर नव्हतं, ताई."

माझं डोकं फिरलं. "अरे, टाक्यांचं मला विचारायचं होतंस! ताज्या शिवणीला एकदा हिसका दिला काय आणि सत्तरदा हळूच ओढलं काय, उसवते ती उसवतेच. तुझ्या काट्याला मोजता येतं, तुझ्या पोटाला येत नाही. चल, ऊठ. दवाखान्यात."

"कळलं. आता काही उचलणार नाही," तो म्हणाला. "पण तिथे जाणार नाही."

"रक्त जातंय, बारक्या."

"थांबेल."

"नाही थांबलं तर?"

तो म्हणाला, "काल फोन केला होता मी. कागदावरच्या नंबरवर. पलीकडची बाई म्हणाली, पेशंटला फोन द्या. मी म्हटलं, मीच पेशंट. ती म्हणाली, चेष्टा करायला दुसरा नंबर शोधा, आणि फोन ठेवला." मग तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "त्या कपाटाशेजारी मी परत जाणार नाही, ताई. तू कितीही ओरड."

मी ओरडले. रडले. रागाच्या भरात असं काही बोलले की ते इथे लिहिणार नाही. तो हलला नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीन गल्ल्यांवर दवाखाना होता आणि माझा भाऊ लाजेपायी तिथे जायला तयार नव्हता.

तेवढ्यात आई कपाटातून पातळ काढायला लागली. चांगलं, बाहेर जायचं.

"तू कुठे निघालीस?" मी खेकसले.

"दवाखान्यात. मला बरं नाही." तिने निऱ्या सारख्या केल्या. "बारक्या, ऊठ. म्हाताऱ्या आईला एकटीला पाठवणार आहेस का?"

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. आई अगदी शांतपणे म्हणाली, "तिथे बाकांवर निम्मे बाप्येच बसलेले असतात. कुणी बायकोला आणलेलं, कुणी आईला. त्यांच्याकडे कोण बघतंय? मी पेशंट, तू मुलगा. आत गेल्यावर काय ते बघू."

आईचा शब्द मोडायची सवय बारक्याला नाही. भिंतीकडून तोंड वळलं. आधी कुशीवर वळला, हाताचा रेटा दिला आणि उठला.

खिडकीवर आईने स्वतःच्या नावाने केसपेपर काढला. "काय होतंय, आजी?" "रक्त जातंय." "वय?" "अठ्ठ्याहत्तर." खिडकीतला माणूस दचकलाच. या वयात असं म्हणजे गंभीर. त्याने कागदावर लाल खूण केली आणि म्हणाला, "तुम्ही रांगेत थांबू नका, पुढे जा." आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा लाभ तिने धरलेलाच होता.

आत बाकावर बारक्या आम्हा दोघींच्या मध्ये बसला, पोटाशी फाईल दाबून. शेजारची बाई आईला म्हणाली, "नशीबवान आहात हो. मुलगा बरोबर आला. आमचा तर फोनही उचलत नाही." आई म्हणाली, "गुणी आहे. फक्त ऐकत नाही." आजूबाजूला दहा-बारा पुरुष बसले होते, कुणी जांभया देत होतं, कुणी फोनमध्ये. याच हॉलमध्ये ऑपरेशनच्या आधी लोकांनी बारक्याकडे टक लावून बघितलं होतं. आज त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. त्याचा श्वास हळूहळू संथ झाला.

आत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईला टेबलावर झोपायला सांगितलं.

"मला कशाला?" आई म्हणाली. "माझी पिशवी काढून पस्तीस वर्षं झाली. रक्त ह्याचं जातंय. ह्याला तपासा."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं, बारक्याला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही? अहो, मग फोन का नाही केलात?" बारक्याने केलेल्या फोनचं सांगितलं. त्यांनी पडदा ओढला आणि कामाला लागल्या.

आतल्या टाक्यांवर ताण येऊन एक जागा उघडली होती. वेळेवर आलात, म्हणाल्या, अजून दोन दिवस गेले असते तर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं. तिथल्या तिथे इलाज झाला. दोन दिवस राहायचं आणि सहा आठवडे आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

‘राहायचं’ म्हटल्यावर बारक्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. मागच्या वेळी त्या रजेवर होत्या. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि माझ्याहून तापट. सगळं ऐकून त्या आधी आईवरच घसरल्या.

"आजी, खोटं सांगून केसपेपर काढलात?"

"खोटं कुठे? रक्त जातंय म्हटलं. कुणाचं ते कुणी विचारलं नाही."

सिस्टरांनी चष्मा वर ढकलला. मग फाईल मागवली आणि ‘रुग्ण शांत, तक्रार नाही’ या ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. "पोटाच्या ऑपरेशननंतर तीन दिवस ज्याची एक तक्रार नाही, तो पेशंट बरा नसतो. तो घाबरलेला असतो," त्या म्हणाल्या. "हे आम्हाला कळायला हवं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मुलासाठी स्वतःच्या नावाने केसपेपर काढावा लागला, ही आमची चूक. तुमची नाही."

वॉर्डच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिला लागून स्वतंत्र संडास. इतकी वर्षं तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. सिस्टरांनी तासाभरात त्या बाहेर काढायला लावल्या. एका तासाचं काम! ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवशी त्या कोरी वही घेऊन खाटेशी येऊन बसल्या. "मागच्या वेळी काय काय चुकलं ते सांगा. एकही सोडू नका."

बारक्याने कोऱ्या वहीकडे बघितलं. मग म्हणाला, "काटा बिघडलाय हे काट्याला स्वतःला कळत नाही, सिस्टर. त्यावर माहीत असलेलं वजन ठेवावं लागतं."

"मग ठेवा."

तो तासभर बोलला. खांदा किती दुखला, पाणी का प्यायला नाही, तिसऱ्या दिवशी जिन्यात पायाला गोळा आला तर तो कसा लपवला, इंजेक्शन कधी पुन्हा सुरू करायचं हे विचारायचं होतं पण कुणाला विचारायचं हेच कळलं नाही. पुरुषांच्या संडासात पॅड टाकायला डबाच नसतो, तर ते कागदात गुंडाळून खिशातून घरी आणावं लागतं. यातलं एक अक्षर त्याने मला सांगितलं नव्हतं. मला, जिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं. मी बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिले आणि पोटभर रडून घेतलं.

परत आले तर दोघांची जुंपली होती.

"‘थोडं चालावं’ म्हणजे किती?" बारक्या विचारत होता. "मीटर सांगा."

"थकायच्या आधी थांबायचं."

"हे मोजता येत नाही."

"येत नाही. म्हणून तर सांगतेय. आणि वजनाचं मी नव्याने लिहिणार आहे. पाच किलोच्या खालचं सुद्धा पुन्हा पुन्हा उचलायचं नाही. तुमच्यासारखा अजून एखादा निघाला तर?"

"माझ्यासारखा नाही निघणार," बारक्या म्हणाला आणि हसला. आईने त्याच्या पोटाशी उशी सरकवली. या वेळी त्याने ती घट्ट धरली.

नवा कागद निघाला तो असा. हसरी बाई गेली. ‘महिला’च्या जागी ‘रुग्ण’ आलं. पतीलाही रजा मिळाली. फोन उचलणाऱ्या बाईंना सिस्टरांनी स्वतः समोर बसवून सांगितलं की आवाजावरून पेशंट ठरवायचा नाही. खिडकीतल्या संगणकाचं मात्र बरेच दिवस घोडं अडलं होतं. त्यासाठी वरच्या साहेबांकडे तीन अर्ज गेले आणि तिसरा मी लिहिला. त्यानंतर काम झालं.

घरी आई आणि बारक्या शेजारी शेजारी दोन खाटांवर पडून असायचे आणि तासन्‌तास बोलायचे. पस्तीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन आणि आत्ताचं. कुणाला किती टाके, कुणाला कुठे दुखलं. मी मशीनवर बसून ऐकायचे. एका दुपारी आई म्हणाली, "माझी काढली तेव्हा मला फार रिकामं वाटलं होतं. वर्षभर. कुणाला सांगितलं नाही. तुला कसं वाटतं रे?"

बारक्याने उशाखालून तपासणीचा कागद काढला. काढलेल्या पिशवीचं वजन त्यात लिहिलेलं असतं. ते त्याच्या नजरेतून कसं सुटेल? "अडुसष्ट ग्रॅम," तो म्हणाला. "फक्त अडुसष्ट, आई. आणि मला वाटायचं, मी वीस किलोचं वजन पोटाला बांधून हिंडतोय."

आईने हात लांब करून त्याच्या डोक्यावर थोपटलं. एकाच ऑपरेशनने दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिल्या होत्या आणि दोघांना एकमेकांचं कळत होतं. मला मात्र सुईत दोरा ओवता येईना.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटची तपासणी होती. सिस्टरांनी फोन करून सांगितलं, मागच्या जिन्याने या, मी थेट आत घेते. बारक्या म्हणाला, बरं. मग आम्हाला बजावलं की कुणी बरोबर यायचं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, आरशात दाढी नीट केली आणि एकटाच गेला.

आम्ही काय घरी बसणार होतो? दहा मिनिटांनी मी आणि आई निघालो. मागचा जिना रिकामा होता, म्हणून हॉलमध्ये डोकावलो, तर हा मधल्या रांगेत बसलेला! आम्ही शेवटच्या बाकावर दबकून बसलो. आईने तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, उलटं.

दाराजवळ एक माणूस उभा होता. बस ड्रायव्हरचा गणवेश, पन्नाशीचा, बारीक मिशा. भिंतीवर बाळाला दूध कसं पाजावं याचा तक्ता होता, तो त्याने आमच्यासमोर तीनदा वाचला. त्याच्याबरोबर बाई नव्हती. खालच्या खिशात घडी घातलेला कागद होता आणि त्यावर सारखा हात जात होता. दवाखान्यातल्या मावशींनी त्याला विचारलं, "कुणाबरोबर आलात?" तो म्हणाला, "चुकून आलो," आणि बाहेर जायला वळला.

तेवढ्यात सिस्टर आतून बाहेर आल्या. मागचा जिना सोडून हा इथे बसलेला बघून क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी खणखणीत आवाजात नाव पुकारलं. त्याच्याकडे बघत, आधी ‘श्री’ लावून, पूर्ण नाव.

बारक्याच्या शेजारची बाई त्याला म्हणाली, "अहो, तुमचं नाव घेऊन तुमच्या मिसेसना बोलावतायत. कुठे गेल्या त्या?"

बारक्या उठला. त्याचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले. बाजारात दोन दुकानं पलीकडे ऐकू जातो त्या आवाजात तो म्हणाला, "मिसेस नाहीत. मलाच बोलावलंय. ऑपरेशन माझं झालंय."

सगळ्या माना वळल्या. आईने माझं मनगट धरलं. ती बाई त्याच्या दाढीकडे बघत राहिली, मग फाईलकडे, आणि मग तिने पाय बाजूला घेऊन त्याला वाट दिली. "सांभाळून जा हो," म्हणाली, "टाके ओले असतील." बारक्या सिस्टरांमागून आत गेला आणि दार लागलं.

ड्रायव्हर दारातच थांबला होता. बराच वेळ तो त्या बंद दाराकडे बघत राहिला. मग परत आला आणि बारक्याच्या रिकाम्या जागेवर बसला. खिशातला कागद काढून त्याने मांडीवर सपाट केला आणि शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "माझा नंबर कुठे लावायचा?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "आत्ताच जा," ती म्हणाली. "बारा वाजता बंद होते."